अ‍ॅपमधला स्कोअर वाढतोय, पण डोक्याचं काय?

निवांत_६७

नमस्कार मंडळी. निवृत्त झाल्यावर वेळच वेळ आहे हे बघून मुलीने माझ्या फोनवर मेंदूला व्यायाम देणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. रोज सकाळी पेपरच्या आधी ते घेऊन बसतो. आकडे उलट्या क्रमाने सांगा, पक्षी कुठे चमकून गेला ते दाखवा, शब्द लाल रंगात लिहिलाय पण वाचायला 'निळा' आहे तर पटकन रंग सांगा, असले प्रकार. सुरुवातीला माझा स्कोअर इतका केविलवाणा होता की घरात कुणाला दाखवला नाही. आता माझ्या वयाच्या बहुतेकांपेक्षा मी पुढे आहे म्हणे. असं अ‍ॅपच सांगतं. आपल्याच विद्यार्थ्याला नापास करणारं अ‍ॅप कुणी पाहिलंय का, हा प्रश्न वेगळा.

परवा जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ समोर आले. वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसलेले. नाव काही केल्या आठवेना. 'काय म्हणता, कसं काय' यावर दहा मिनिटं रेटली. घरात शिरून चप्पल काढतोय तोच नाव हजर.

तब्येत ठीक आहे. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, तीही नॉर्मल. त्यामुळे प्रश्न आजाराबद्दलचा नाही, धडधाकट म्हाताऱ्यांबद्दलचा आहे. असल्या प्रशिक्षणाचा रोजच्या जगण्यात काही उपयोग होतो का? की फक्त खेळ चांगले खेळता येतात? कुणी केलं असेल तर अनुभव सांगा, कुणी अभ्यास वाचले असतील तर तेही सांगा.

खोडसाळ

पहिला प्रतिसाद माझा! काय लिहायला आलो होतो ते मात्र... असो. जागा धरून ठेवतो.

शब्दवेडी

काका, मी कित्येक वर्षं शब्दकोडी सोडवतेय. उपयोग विचाराल तर शब्दकोडी छान सुटतात. :)

खरं सांगते, एकाच माणसाने रचलेली कोडी रोज सोडवलीत की त्याचे लाडके शब्द कळतात. तीन अक्षरी, मधलं अक्षर 'म', अर्थ 'कमळ' आणि पेन चालायला लागतं. त्यात विचार काही नाही, ओळख झालेली असते. मला वाटतं तुमच्या अ‍ॅपचंही तेच. पक्षी कुठल्या बाजूने यायची शक्यता जास्त हे तुमच्या डोळ्यांना कळलेलं असणार.

तरी मी कोडी सोडणार नाही हं. आवडतात.

चिकित्सक

शब्दवेडीताईंनी दोन ओळींत मुद्दा मांडला. संशोधकांचं सगळं भांडण यावरच आहे. ज्याचा सराव केला त्यात सुधारणा होते, याबद्दल वाद नाही. त्याच्यासारख्याच दुसऱ्या कामात थोडी होते. पण वेगळ्याच जातीच्या कामात, म्हणजे हिशोब ठेवणं, औषधांच्या वेळा सांभाळणं, गप्पांचा धागा न सोडणं, यात फरक पडतो का? तिथे पुरावा एकदम पातळ होतो.

२०१० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक मोठा प्रयोग आला होता. ११,४३० लोकांनी सहा आठवडे ऑनलाइन खेळ खेळले. खेळांत सगळे सुधारले. पण सराव न केलेल्या चाचण्यांत, अगदी त्या खेळांना जवळच्या वाटाव्यात अशा चाचण्यांतही, म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

आणि जाहिरातींचं म्हणाल तर २०१६च्या जानेवारीत ल्युमॉसिटी अ‍ॅपच्या कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी (फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) तडजोड करून २० लाख डॉलर भरले. आरोप असा की वयानुसार येणारा विसराळूपणा आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुद्धा या खेळांनी लांबतो असं भासवलं जात होतं आणि त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता.

थोडक्यात, निवांतकाका, मुलीला सांगा की खेळ मजेशीर आहेत. बस्स.

मानसी_क्ष

चिकित्सक, तुम्ही दिलेला प्रयोग खरा आहे, पण तो १८ ते ६० वयाच्या लोकांवर होता. इथे प्रश्न ६७ वर्षांच्या माणसाचा आहे. त्या वयोगटावरचा सगळ्यात मोठा आणि जुना प्रयोग सोडून निकाल द्यायला नको.

मी मानसशास्त्रातली आहे, ज्येष्ठांचे असे वर्ग घेते. तेव्हा माझा कल कुठे आहे ते गृहीत धरूनच वाचा.

अमेरिकेत 'अ‍ॅक्टिव्ह' नावाचा प्रयोग झाला. ६५ ते ९४ वयाचे, स्वतंत्रपणे राहणारे २,८३२ लोक. चिठ्ठ्या टाकून चार गट केले. एकाला स्मरणशक्तीच्या युक्त्या, एकाला तर्क, एकाला पाहून चटकन समजून घेण्याचा वेग, आणि चौथ्याला काहीच नाही. पाच-सहा आठवड्यांत तासा-सव्वा तासाच्या फक्त १० बैठका. काही जणांना ११ महिन्यांनी आणि ३५ महिन्यांनी उजळणीच्या चार-चार बैठका.

पहिला निकाल २००२ मध्ये आला. वेगाच्या गटात ८७ टक्के, तर्काच्या गटात ७४ टक्के आणि स्मरणशक्तीच्या गटात २६ टक्के लोक त्या-त्या कौशल्यात खात्रीलायक सुधारले. दहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तर्क आणि वेग यांतला फायदा टिकून होता, स्मरणशक्तीचा मावळला होता. रोजची कामं आपली आपल्याला जमतात का, या प्रश्नावर शिकवलेल्या गटांतल्या साधारण ६० टक्के लोकांनी 'पहिल्याइतकी किंवा जास्त चांगली जमतात' असं सांगितलं. काहीच न शिकवलेल्या गटात हे प्रमाण ५० टक्के होतं.

लोक बदलतच नाहीत असं म्हणायला मग जागा उरत नाही.

तिरकस

मानसीताई, आकडे बरोबर आहेत, पण दोन गोष्टी तुम्ही हळूच खिशात घातल्यात.

एक. ते ६० आणि ५० टक्के लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत. प्रत्यक्ष कामं करायला लावून मोजली तेव्हा गटांत फरक दिसला नव्हता. वर्गाला जाऊन आलेला माणूस 'मला जमतं' असं जरा ठासून म्हणणारच. आपण प्रवचनाहून परत आलो तरी दोन दिवस शांत वाटतं.

दोन. चौथ्या गटाला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नियंत्रण गटाला, काहीच दिलं नाही. म्हणजे बाकीच्यांना प्रशिक्षण मिळालं, शिवाय घराबाहेर पडायचं निमित्त, चार माणसांची सोबत आणि कौतुक करणारी शिकवणारीण मिळाली. फायदा कशाचा ते कसं कळणार?

मानसी_क्ष

> फायदा कशाचा ते कसं कळणार?

याचं उत्तर त्या प्रयोगातच आहे. तीनही गटांना सोबत, चहापाणी, कौतुक सारखंच मिळालं. फायदा सगळ्यात सारखा झाला असता तर मी तुमचं मान्य केलं असतं. पण वेगवाले वेगातच सुधारले, तर्कवाले तर्कातच. सोबतीने माणूस फक्त अक्षरमालिका (ओळीत पुढचं अक्षर कुठलं ते ओळखणं, तर्काचा सराव) सोडवण्यात हुशार होत नाही.

स्वतः सांगितलेल्या उत्तरांबद्दलचा मुद्दा मात्र वाजवी आहे. म्हणून मी अपघातांच्या नोंदी जास्त महत्त्वाच्या मानते. गाडी चालवणाऱ्यांत वेगाचं किंवा तर्काचं प्रशिक्षण घेतलेल्यांकडून, स्वतःच्या चुकीने झालेले अपघात पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्मे होते. ते कुणाच्या 'मला वाटतं'वर अवलंबून नाही.

खोडसाळ

धाग्याला रंग चढला. मी पुढच्या रांगेत बसलोय.

ठोंब्या

ताई, हे 'वेगाचं प्रशिक्षण' म्हणजे नेमकं काय करायला लावतात? अक्षरमालिका कळली, हे नाही कळलं.

मानसी_क्ष

पडद्याच्या मधोमध एक चित्र क्षणभर चमकतं, मोटार किंवा ट्रक. त्याच क्षणी कडेला कुठेतरी आणखी एक मोटार चमकते. लगेच पडदा विस्कटल्यासारख्या ठिपक्यांनी झाकला जातो, म्हणजे डोळ्यांत उरलेली प्रतिमा पुसली जाते. मग दोन प्रश्न: मध्ये काय होतं? कडेला कुठे होतं? दोन्ही बरोबर आली की पुढच्या वेळी चित्र आणखी कमी वेळ दिसतं. चुकलात की वेळ वाढतो. पुढे कडेच्या मोटारीभोवती लक्ष विचलित करणारी त्रिकोणांची गर्दी येते.

यातली मेख म्हणजे हा सराव आपोआप कठीण होत जातो. तुम्ही नेहमी जमण्या-न-जमण्याच्या सीमेवर असता. पहिल्या दिवशी लोक वैतागतात. एक आजोबा मला म्हणाले होते, 'तुमच्या मशीनमध्ये कडेला गाडी नसतेच, तुम्ही उगाच विचारता.' त्यांनी खुर्ची पडद्याला चिकटवून घेतली होती आणि मधल्या चित्राकडे रोखून बघत होते. खुर्ची मागे घेतली, मान सैल सोडायला सांगितली, मग कडेची गाडी दिसायला लागली.

चिकित्सक

हे सीमेवर ठेवणं महत्त्वाचं आहे. पण दुसरी बाजूही पाहा. २०१४ मध्ये ५२ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, निरोगी ज्येष्ठांना संगणकावर दिलेल्या प्रशिक्षणाचा. सरासरी फायदा होता, पण लहान. आणि दोन गोष्टी फार बोलक्या निघाल्या. घरी एकट्याने केलेल्या प्रशिक्षणाचा परिणाम दिसला नाही, गटात कुणाच्या देखरेखीखाली केलेल्याचा दिसला. आणि आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा केल्यास फायदा दिसेनासा झाला.

आता निवांतकाका काय करतात बघा. घरी, एकटे, रोज.

निवांत_६७

अरेरे. म्हणजे मी तिन्ही विषयांत नापास.

वाचतोय सगळं, चालू द्या.

गॅरंटी

मग २९ टक्क्यांचं काय? वेगाच्या प्रशिक्षणाने डिमेन्शियाचा धोका २९ टक्के कमी होतो असं मी वाचलंय. एवढं मोठं फळ दहा बैठकांत मिळत असेल तर घरोघर लावायला हवं.

तिरकस

तो आकडा त्याच अ‍ॅक्टिव्ह प्रयोगाच्या २०१७च्या विश्लेषणातला. दहा वर्षांत वेगवाल्या गटात डिमेन्शियाची जोखीम २९ टक्के कमी दिसली हे खरं. पण प्रयोग आखताना डिमेन्शिया मोजायचा असं ठरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी एकेकाला तपासून निदान केलं असंही नाही. चाचण्यांचे गुण, माणसाने किंवा घरच्यांनी दिलेली माहिती असं जोडून ठरवलं. शिवाय दहा वर्षांत बरेच जण प्रयोगातून गळले होते. आशा वाढवणारा आकडा आहे, हमी देणारा नाही. आयडी बदला राव तुमचा.

गॅरंटी

आयडी वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा काढला होता, याचा त्याच्याशी संबंध नाही. :)

मानसी_क्ष

२९ टक्क्यांबाबत तिरकस यांच्याशी सहमत. मी वर्गात तो आकडा सांगत नाही. लोक त्यावरच येतील आणि मग एखाद्याला पुढे आजार झाला की घरच्यांना वाटेल, कमी सराव केला म्हणून झाला. हे फार क्रूर होतं.

कानसेन

एक वेगळाच अनुभव टाकतो. आमच्या बाबांना 'विसरायला लागलेत' असं घरात सगळे म्हणायचे. सांगितलेलं लक्षात राहत नाही, गप्पांत मध्येच भलतंच बोलतात. कुणीतरी त्यांनाही असलंच एक अ‍ॅप दिलं. ते निमूटपणे खेळायचे.

मग एकदा मी त्यांच्या मागे उभं राहून हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि उत्तर आलंच नाही. समोर येऊन तेच विचारलं, लगेच उत्तर. ते ओठ बघून बोलणं पुरं करत होते! तपासणी केली, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं बसली. सुरुवातीला भांड्यांच्या आवाजाने वैतागायचे, काढून ठेवायचे. सवय झाल्यावर निम्मा 'विसराळूपणा' गेला. जे ऐकूच आलं नव्हतं ते लक्षात कुठून राहणार?

वैद्यराज_नव्हे_डॉक्टर

कानसेन, +१००. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता विसरतो म्हणणाऱ्या माणसाशी पहिलं वाक्य तोंडावर कागद धरून बोलतो.

यावर अभ्यासही आहे. २०२३ मध्ये आलेल्या एका प्रयोगात ७० ते ८४ वयाच्या, कमी ऐकू येणाऱ्या ९७७ लोकांना तीन वर्षं पाहिलं. अर्ध्यांना श्रवणयंत्रं आणि ती वापरायचं मार्गदर्शन, अर्ध्यांना आरोग्याबद्दल सर्वसाधारण माहिती. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर बौद्धिक घसरणीत फरक आला नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता त्या गटात घसरण ४८ टक्के कमी झाली. म्हणजे श्रवणयंत्र घातलं की सगळ्यांचं भलं होईल असं नाही, पण ज्यांना गरज आहे त्यांनी लाजू नये.

या धाग्यावर वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: विसरणं वाढलंय असं वाटलं तर खेळ शोधण्याआधी बी-१२, थायरॉइड, रक्तदाब, साखर, झोप आणि मनाची उदासी तपासून घ्या. आणि औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर अख्खी उपडी करा. झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या काही जुन्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या वयस्कर डोक्याला धुकं आणतात. स्वतःहून बंद मात्र करू नका, विचारून करा.

नाव ओठांवर येऊन अडकणं आणि नंतर आठवणं, हे वयाचं. ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं, नेहमीचे पैशांचे व्यवहार न जमणं, हे तपासायचं. आणि एक-दोन दिवसांत अचानक गोंधळायला लागणं म्हणजे थांबू नका, लगेच दवाखाना.

निवांत_६७

डॉक्टर, नाव चप्पल काढताना आठवलं, म्हणजे मी पहिल्या गटात ना?

वैद्यराज_नव्हे_डॉक्टर

हो. चप्पल काढता आली हेही चांगलं.

पायपीट

सगळे खुर्चीत बसून करायच्या गोष्टी बोलताय. उठा आणि चालायला लागा. २०११ चा प्रयोग आहे: १२० ज्येष्ठ, निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा दम लागेल असं चालायचं, निम्म्यांनी फक्त ताण द्यायचे व्यायाम. चालणाऱ्यांत हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूचा आठवणींशी संबंधित असलेला भाग, साधारण २ टक्के वाढला, दुसऱ्या गटात आकसला. मेंदू पायात असतो, लिहून ठेवा.

खोडसाळ

काहींचा गुडघ्यात असतो हे ऐकून होतो, हे त्याच्या बरंच जवळ गेलं.

तिरकस

पायपीट, त्याच प्रयोगात स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते, हे सांगायचं राहिलं. हिप्पोकॅम्पस वाढला म्हणून आठवण वाढली असं सरळ गणित नाही. चालावं, हृदयासाठी, गुडघ्यांसाठी, झोपेसाठी चालावं. पण इथेही जाहिरात नको.

पायपीट

तुम्हाला कधी कुठलीच गोष्ट आवडत नाही का हो?

तिरकस

नियंत्रण गट आवडतो.

रस्ताचुकला

अवांतर: कुणी लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा विषय काढला नाही अजून? हजारो रस्ते पाठ करून परीक्षा देतात, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा आढळला होता, २००० साली. आम्ही मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही फोनवरच्या बाईला विचारतो. मी आता ओळखीच्या भागात नकाशा बंद ठेवून जातो. बायको म्हणते मेंदूचं माहीत नाही, पेट्रोल मात्र वाढलं.

चिकित्सक

त्याच टॅक्सीवाल्यांच्या दुसऱ्या चाचण्यांत गंमत आहे. एक क्लिष्ट आकृती पाहून थोड्या वेळाने आठवणीतून काढायची, त्यात ते इतरांपेक्षा मागे पडले. रस्ते पाठ झाले म्हणून बाकीची स्मरणशक्ती वाढली नाही. मूळ मुद्दा पुन्हा तोच: जे कराल तेच वाढतं.

आवर्तन

माझं थोडं वेगळं मत. 'जे कराल तेच वाढतं' हे खरं असेल तर रडायचं कशाला? जे वाढायला हवं तेच करा की!

मी निवृत्तीनंतर व्हायोलिन शिकायला लागले. वय सांगत नाही. पहिले कित्येक महिने घरचे दार लावून घ्यायचे. पण त्यात काय काय आहे बघा. डाव्या हाताची बोटं न बघता जागेवर पडायला हवीत, उजवा हात वेगळंच काम करतोय, कान स्वर तपासतोय, ताल सुटू द्यायचा नाही आणि पुढची ओळ आठवायची. शिवाय दर आठवड्याला वर्गातल्या चौघांसमोर वाजवायचं, त्याची धाकधूक. अ‍ॅपमध्ये चुकलं की पिवळा चेहरा येतो. इथे चुकलं की शेजारचा मुलगा वळून बघतो. तो बारा वर्षांचा आहे आणि माझ्यापेक्षा पुढे आहे.

२०१४ चा एक प्रयोग मला या बाबतीत फार पटतो. ६० च्या पुढच्या लोकांना तीन महिने आठवड्याला साधारण १५ तास डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीसारखं शिवणकाम, नाहीतर दोन्ही शिकवलं. तुलनेला एक गट होता जो तेवढाच वेळ एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ करत होता. नवीन कठीण काही शिकत नव्हता. आठवणीच्या चाचण्यांत फायदा शिकणाऱ्यांना झाला, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांना. तिरकसराव, सोबतवाला नियंत्रण गट आहे बरं का यात.

तिरकस

हा चांगला आहे. हे मी जतन करून ठेवतो.

मानसी_क्ष

आवर्तनताई, क्या बात! पण आठवड्याला १५ तास हे लक्षात घ्या. आठवड्याला एक तास वर्ग लावून तसा परिणाम मागता येणार नाही.

आणि मेंदू म्हणजे स्नायू, वजन उचललं की फुगतो, ही उपमा मला अजिबात आवडत नाही. दंडाने उचललेलं वजन पिशवी उचलायलाही उपयोगी पडतं. आकडे उलटे म्हणण्याने नाव आठवायला मदत होत नाही.

निवांतकाकांच्या नावाच्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही म्हणून सांगते. नावं सगळ्यांत आधी सुटतात याला कारण आहे. मानसशास्त्रात जुना प्रयोग आहे: चेहरा दाखवून 'हे सुतारकाम करतात' सांगितलं तर लक्षात राहतं, तोच चेहरा दाखवून 'यांचं आडनाव सुतार' सांगितलं तर राहत नाही. कामाला रंधा, लाकूड, भुसा असं चिकटायला पुष्कळ काही असतं, नावाला काहीच चिकटत नाही. म्हणून आम्ही वर्गात असं करतो. नाव ऐकलं की लगेच मोठ्याने वापरायचं, 'बरं का अमुकराव'. मग मनातल्या मनात थोड्या वेळाने आठवून बघायचं, मग जरा जास्त वेळाने, मग घरी जाताना. वाचायचं नाही, आठवायचं. दरवेळी अंतर वाढवत न्यायचं. सुटलं तर विचारून घ्यायचं, लाजायचं नाही. कंटाळवाणं आहे, पण ज्या गोष्टीसाठी करताय तिलाच लागू पडतं.

आधीच माहीत असलेल्या पण भेटल्यावर अडकणाऱ्या नावांसाठी भेटीच्या आधी मनात यादी फिरवून घेणं, एवढंच. लग्नाला किंवा जुन्या मित्रांच्या मेळाव्याला जायच्या आधी जुना फोटो काढून एकेका चेहऱ्याचं नाव घ्या.

शब्दवेडी

हे मस्त. मी परवाच्या भिशीला जाण्याआधी करून बघते. (मेंबर नवीन आल्यात, सगळ्या 'वहिनी'.)

आणि शब्दकोड्यांच्या बाजूने एक. स्मरणशक्ती थोडी घसरलेल्या लोकांवरचा २०२२ चा एक प्रयोग आहे, १०७ जण, ७८ आठवडे. निम्म्यांना संगणकावरचे मेंदूखेळ, निम्म्यांना संगणकावर शब्दकोडी. संशोधकांची अपेक्षा खेळ जिंकतील अशी होती, जिंकली कोडी!

चिकित्सक

त्या लोकांना सौम्य दोष होता आणि काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. निरोगी माणसांवर ते तसंच लावता येत नाही.

शब्दवेडी

एक दिवस तरी जिंकू द्या हो.

वैद्यराज_नव्हे_डॉक्टर

मूळ प्रश्नाकडे येऊ. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२० चा आढावा निरोगी ज्येष्ठांवरच होता: १२ आठवडे किंवा जास्त काळ संगणकावरचं प्रशिक्षण, आठ प्रयोग, १,१८३ लोक. थोडा फायदा असू शकतो, पण पुराव्याचा दर्जा कमी, असा सूर होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'असं प्रशिक्षण देऊ करता येईल' अशी सौम्य शिफारस केली, तीही पुरावा कमकुवत आहे हे सांगूनच.

जिथे निकाल जरा बरे आले तिथे प्रशिक्षण एकटं नव्हतं. फिनलंडचा फिंगर प्रयोग, २०१५: धोका जास्त असलेले, ६० ते ७७ वयाचे १,२६० लोक, दोन वर्षं. आहार, व्यायाम, मेंदूचं प्रशिक्षण आणि रक्तदाब वगैरेंवर लक्ष, हे सगळं एकत्र. फायदा झाला. त्यातला कितपत मेंदूच्या खेळांचा, ते सांगता येत नाही, कारण मिसळण सुटी करून पाहिलेलीच नव्हती.

निवांत_६७

मंडळी, सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं.

ठरवलं ते असं. अ‍ॅप ठेवतो, पण आठवड्यातून तीन दिवस आणि स्कोअर बघायचा नाही. (मुलीने तो दाखवणारा भाग बंद करून दिला.) बाकीच्या सकाळी चालणं. कान तपासून घेतो, कारण टीव्हीचा आवाज हा आमच्या घरातला जुना वाद आहे. आणि एक नवीन. मला पूर्वीपासून नकाशे आणि आकडेवारी यांची हौस. आमच्या भागातल्या जुन्या पावसाच्या नोंदी एका संस्थेकडे कागदावर पडून आहेत, त्या संगणकावर चढवायला माणसं हवी आहेत. स्प्रेडशीट मला ओ की ठो येत नाही. तेच शिकतोय.

मानसीताई, एक प्रश्न. वेग मोजणाऱ्या खेळांत घड्याळ टिकटिकायला लागलं की माझे हात थरथरतात आणि येतं तेही चुकतं. हे असंच चालायचं की काही करता येतं?

मानसी_क्ष

पावसाच्या नोंदी! याहून चांगलं मला सुचलं नसतं.

घड्याळाचं: सेटिंगमध्ये आवाज बंद करा, बहुतेक अ‍ॅपमध्ये तेवढं असतं. उलटी मोजणी लपवता येत असेल तर लपवा. एक पातळी खाली उतरून तिथेच आठवडाभर राहा. दहातली सात-आठ बरोबर येतील इतपत ठेवा. सगळीच बरोबर येत असतील तर सोपं झालंय, निम्मी चुकत असतील तर कठीण. आणि जेवल्यावर लगेच किंवा झोप अपुरी झालेल्या दिवशी बसू नका.

ठोंब्या

माझी आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिला फोनवरची चित्रं नीट दिसत नाहीत, बोट टेकलं की भलतंच उघडतं. तिच्यासाठी काही आहे का?

मानसी_क्ष

आधी डोळे. मोतीबिंदू आहे का, चष्म्याचा नंबर कधी तपासला? दिसतच नसेल तर वेगाचा खेळ तिच्या नजरेची परीक्षा घेतो, डोक्याची नाही. तोपर्यंत पडदा नको. पत्ते असतील तर मोठ्या आकड्यांचे मिळतात. तू तिच्याशी खेळ, पण मुद्दाम हरू नकोस, त्यांना लगेच कळतं.

खोडसाळ

माझ्या आजीला मुद्दाम हरायची वेळच कुणावर आली नाही. ती पत्ते लपवायची.